डेलाफील्डला कोच हवा आहे

पिस्कॅटवे, १७ मार्च

डेलाफील्डच्या सीझन तिकीटधारक मराठी बंधुभगिनींनो,

तुम्ही आणि मी त्या युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये पाच हिवाळे काढले आहेत. बर्फ उकरून गाडी बाहेर काढायची, पार्किंगवाल्याशी हुज्जत घालायची, गार झालेले नाचोज चघळायचे, आणि आपला बास्केटबॉल संघ जिंकत आलेला सामना शेवटच्या चार मिनिटांत कसा घालवतो ते पाहून घरी यायचं. दरवर्षी आपल्याला सांगितलं गेलं की संघ घडतो आहे. पाच वर्षांत आपली किचनं नवी झाली, आपली मुलं कॉलेजात जाऊन परत येऊन आपल्याच बेसमेंटमध्ये राहू लागली, पण संघ अजून घडतोच आहे. आणि या सगळ्यात आपल्याला कुणी एकदाही विचारलेलं नाही की बाबांनो, तुमचं मत काय?

आता जुने हेड कोच निवृत्त झाले. त्यांच्या जागी युनिव्हर्सिटी लेमार व्हिटलॉक यांना आणणार अशी बातमी आहे. चौदा वर्षं प्रोफेशनल लीगमध्ये खेळले, दोनदा विजेतेपद मिळवलं, बुटांच्या जाहिरातीत तर इमारतीएवढे दिसतात. शिकवण्याचा अनुभव? आहे की. एकदा त्यांनी कुणाला तरी सेल्फी कसा काढायचा ते शिकवलं असेल. त्यापलीकडे शाळेच्याही संघाला त्यांनी शिकवल्याची नोंद कुठे सापडत नाही, आणि मी तीस वर्षं ग्रंथपाल होते, मला शोधता येतं.

उद्या ज्याची स्वतःची चौदा ऑपरेशनं यशस्वी झाली त्याला मेडिकल स्कूलचा डीन नेमा. वर्तमानपत्रात फोटो उत्तम येईल.

खेळणं ही एक विद्या आहे आणि खेळवणं ही दुसरी. दुसरी विद्या पंधरा वर्षं पोटाला चिमटा घेऊन शिकलेला माणूस त्याच जिममध्ये, त्याच बाकावर, हेड कोचच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला आहे. तो आपल्यातलाच आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तो माझा भाचा आहे म्हणूनही म्हणत नाही. पण तो माझा भाचा आहे, आणि आपल्यातलाच आहे.

— शैलजा

(देवांग, हे मंडळाच्या ग्रुपवर टाकणार आहे. वाच. दुरुस्त्या सुचवू नकोस. आणि उत्तर ईमेलने का होईना, पण पत्र लिहूनच दे, मराठीत. फोनवर तू फक्त इंग्रजीतलं "या, या, मावशी" म्हणतोस.)

*

डेलाफील्ड, १८ मार्च

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. तू सांगितलंस म्हणून लिहिलं, खरं तर मी टीमच्या बसमध्ये आहे आणि साष्टांग घालायला जागा नाही.

प्लीज, प्लीज ते ग्रुपवर टाकू नकोस. तुला आमच्या धंद्याची पद्धत माहीत नाही. नवीन हेड कोच आला की तो स्वतःचे असिस्टंट घेऊन येतो. जुन्यांना एक बॉक्स देतात, त्यात आपापले मग भरायचे आणि निघायचं. कुणी वाईट नसतं, ती पद्धतच आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतं. इला आता आठवीत आहे, हिमानीला नुकतीच कुठे इथे चांगली नोकरी लागलीये. पंधरा वर्षांत आम्ही चार राज्यं बदलली. पाचवं नकोय.

शिवाय तुझं ते ऑपरेशनचं उदाहरण फेअर नाही. लेमार पेशंट नव्हता, सर्जन होता. तो जेव्हा एकोणीस वर्षांच्या मुलाला सांगतो की मी त्या लेव्हलला खेळलोय, तेव्हा मुलगा ऐकतो. मी सांगतो तेव्हा मुलगा फोन बघतो. युनिव्हर्सिटीला देणग्या देणारे डोनर लोक लेमारबरोबर जेवायला पैसे देतात. माझ्याबरोबर जेवायला मला द्यावे लागतात.

आणि मुलांचंही बघ. कोच बदलला की मुलं ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकतात आणि दुसऱ्या कॉलेजात निघून जातात. अर्धी टीम जाईल. मला ती मुलं हातून जायला नको आहेत.

सगळं ठीक होईल. तू शांत राहा.

तुझा,
देवांग

ता. क. आईला काही कळवू नकोस. ती सनीव्हेलमध्ये अजून सगळ्यांना "देवांग युनिव्हर्सिटीत असतो" एवढंच सांगते. लोकांना प्रोफेसर वाटतो, ती वाटू देते.

*

पिस्कॅटवे, २ एप्रिल

चि. देवांग,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येण्याआधीच मी ते टाकलं होतं. शांत राहणं मला जमलं असतं तर तुझ्या काकांनी एवढ्यात दोन पुस्तकं लिहून काढली असती.

क्रांती कशी झाली ते ऐक. ग्रुपवर अठ्ठावीस अंगठे आले. सुलभाने नमस्काराचे हात पाठवले, ते ती मयताच्या बातमीलाही पाठवते. शैलेंद्रने विचारलं, "ताई, व्हिटलॉक पाडव्याच्या कार्यक्रमाला येतील का? आपण शाल-श्रीफळ देऊ." म्हणजे मी रणशिंग फुंकलं आणि आमच्या सैन्याने विचारलं, शत्रूबरोबर फोटो मिळेल का?

तुझा मुद्दा मान्य. तो सर्जन होता. पण त्याला ऑपरेशन करायला कुठे बोलावलंय? त्याला हॉस्पिटल चालवायला दिलंय. रुसलेली मुलं, त्यांचे आईबाप, त्यांचे एजंट, परीक्षेत नापास होणारा सेंटरचा खेळाडू, चुकलेली बस, हे सगळं तो लांबून बास्केट टाकून सोडवणार आहे का? काही मोठे खेळाडू पुढे उत्तम कोच झाले, हे मलाही माहीत आहे. पण ते आधी कुठेतरी शेवटच्या खुर्चीवर बसले, शिकले. व्हिटलॉकला शेवटची खुर्ची माहीतच नाही. त्याला पहिलीच द्यायची आहे, कारण ती टीव्हीत दिसते.

उद्या त्याची ओळख करून देणारी पत्रकार परिषद आहे आणि तिकीटधारकांना आमंत्रण आहे. मी जाणार. तू स्टेजवर असशील ना? की बॉक्समध्ये मग भरत असशील?

तुझी,
शैलजा मावशी

*

पिस्कॅटवे, ४ एप्रिल

देवांग,

आशीर्वाद आज राखून ठेवते आहे.

गेले होते. बँड होता, धूर सोडणारं मशीन होतं, नाचणाऱ्या मुली होत्या. आमच्या पिढीत लग्नंसुद्धा इतक्या थाटात लागली नाहीत. कोच नेमणारे तुमचे ॲथलेटिक डायरेक्टर ब्रॅनिगन यांनी प्रास्ताविकात प्रत्येक तिसऱ्या वाक्यात "फॅमिली" म्हटलं. मग व्हिटलॉक बोलले. माणूस देखणा आहे, आवाज चांगला आहे, पॉझ कुठे घ्यायचा ते कळतं. वक्ता म्हणून मी त्याला दहापैकी सहा गुण देते.

मग त्याने आपलं "कल्चर" सांगितलं. म्हणाला, माझ्या टीममध्ये सामन्यानंतर जे पाच जण सुरुवातीला खेळले तेच बाकीच्यांना वाढतील. बाकावर बसलेला मुलगा आधी जेवेल, स्टार शेवटी. आणि वाढणाऱ्याने दोनदा विचारायचं. का? तर म्हणे, पहिला नकार हा फक्त शिष्टाचार असतो. खरं उत्तर दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळतं.

पत्रकारांनी भराभर लिहून घेतलं. माझ्या शेजारचा गोरा म्हातारा गहिवरला. म्हणाला, "दॅट्स चॅम्पियनशिप विज्डम." मी म्हटलं, अहो, ही पंगत आहे! हा आग्रह आहे! मंडळाच्या गणपतीत याच पद्धतीने आम्ही चाळीस वर्षं मसालेभात वाढतोय!

देवांग, प्रोफेशनल लीगमध्ये आग्रह करतात असं मी कुठे वाचलेलं नाही. सोळा वर्षांचा असताना तुझ्या हातात मी जिलबीचं ताट दिलं होतं आणि सांगितलं होतं, नको म्हणाले तरी पुढे जायचं नाही, पुन्हा विचारायचं. तू दर उन्हाळ्यात तुझ्या बास्केटबॉल कॅम्पमधल्या मुलांकडून हेच करून घेतोस. ते त्या माणसाच्या भाषणात कसं आलं?

एकच प्रश्न विचारते. दोनदा विचारणार नाही. त्याचा प्लॅन तू लिहून दिलास का?

— मावशी

*

डेलाफील्ड, ९ एप्रिल

मावशी,

हो.

चार संध्याकाळी तो आमच्या बेसमेंटमध्ये येऊन बसला. प्रॅक्टिस कशी घ्यायची, कुठल्या मुलाला थांबवायचं, कुणाच्या आईला आधी फोन करायचा, सगळं मी लिहून दिलं. हिमानीने पोहे केले, त्याने तीनदा घेतले. वाईट माणूस नाहीये गं तो. त्याने मला सरळ सांगितलं, "देव, मला यातलं काही येत नाही, तू राहशील का?" इतकं प्रामाणिकपणे मला या धंद्यात आजपर्यंत कुणीच काही विचारलेलं नाही. मी राहिलो. असोसिएट हेड कोच. पगार वाढला. तेरापैकी अकरा मुलं थांबली.

आता तू विचारशील की मला का नाही घेतलं. तुला वाटतंय की मी लढलो आणि हरलो. मी तुला तसं वाटू दिलं.

मी अर्जच केला नव्हता.

मार्चमध्ये ब्रॅनिगनने मला हॉलमध्ये थांबवलं. म्हणाला, "देव, डू यू वॉन्ट टु बी कन्सिडर्ड?" आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितेय? "अरे कार्ल, टीमसाठी जे बेस्ट असेल ते." मी हसलो. आणि थांबलो. तो परत विचारेल म्हणून थांबलो, मावशी. जेवायला बसलेला माणूस पहिल्यांदा "नको, पुरे" म्हणून जसा थांबतो ना, तसा. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "यू आर अ ट्रू टीम प्लेयर" म्हणाला, आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याने लेमारच्या एजंटला फोन केला.

मी इथेच जन्मलो. माझं मराठी तुझ्यासमोर लाजतं. पण ही एक गोष्ट कुठून आत गेली कुणास ठाऊक, की चांगलं काही आपणहून मागायचं नसतं.

रागावू नकोस. आणि तुझा लेमारबरोबरचा फोटो मी ग्रुपवर पाहिला. छान हसलीयेस.

देवांग

*

पिस्कॅटवे, ११ एप्रिल

चि. देवांग,

तो फोटो पुरावा म्हणून काढला आहे.

बाकी काही लिहीत नाही. लिहायला बसले की शिव्या येतात, आणि त्या कुणाला द्यायच्या ते ठरत नाही. ब्रॅनिगनला द्याव्यात, तर त्याने विचारलं होतं. व्हिटलॉकला द्याव्यात, तर त्याने पोहे तीनदा घेतले. तुला द्याव्यात, तर जिलबीचं ताट मीच हातात दिलं होतं.

हिमानीला सांग, पुढच्या वेळी कुणी फुकट शिकायला आलं तर नुसता चहा द्यायचा.

— मावशी

*

डेलाफील्ड, २० जानेवारी

ती. मावशीस,

सा. न. खूप दिवस लिहिलं नाही, सीझन चालू आहे. तू बघतेच आहेस, आपण जिंकतोय. तू सेक्शन ११४ मधून रेफरीला मराठीत जे ओरडतेस ते आमच्या बाकापर्यंत येतं. अमेरिकेत जन्मलेल्यांत ते मला एकट्यालाच कळतं, म्हणून मी खाली मान घालून हसत असतो.

गेल्या आठवड्यात लेमार जाहिरातीच्या शूटिंगला लॉस एंजेलिसला होता, म्हणून दोन मॅचेस मी चालवल्या. दोन्ही जिंकलो. पेपरमध्ये हेडलाइन आली: "व्हिटलॉकची शिस्त त्याच्या गैरहजेरीतही." कटिंग पाठवतोय. फ्रेम करू नकोस.

देवांग

*

पिस्कॅटवे, २३ जानेवारी

चि. देवांग,

अ. आ. कटिंग मिळालं. फार उच्च दर्जाची शिस्त आहे बुवा व्हिटलॉकची. माणूस तीन हजार मैल लांब जाहिरातीसाठी पावडर लावून घेतोय आणि शिस्त इकडे टाइमआउट घेते, बदली खेळाडू पाठवते, मुलाच्या मुरगळलेल्या घोट्यावर बर्फ धरते. मी तर म्हणते त्याला कायम तिकडेच ठेवावं. संघ अजिंक्य होईल.

ग्रुपवर शैलेंद्रने ती बातमी टाकली, खाली "जय हो" लिहून. मी उत्तर लिहिलं होतं. मग खोडलं. माझ्या आयुष्यात मी मजकूर खोडण्याची ही पहिलीच वेळ. तुझी नोकरी आठवली म्हणून खोडला. अशा तऱ्हेने तुझा आजार मलाही लागला आहे.

— मावशी

*

डेलाफील्ड, २५ मार्च

मावशी,

तुला बातमी ग्रुपवरून कळेलच, त्याआधी सांगतो. लेमार चाललाय. टीव्हीवाल्यांनी स्टुडिओत बसायला बोलावलंय. एक सीझन, बावीस विजय, आणि बाय. जाताना ऑफिसमध्ये आला, दार लावलं आणि म्हणाला, "आता तूच घेणार ना ही जागा?" मी म्हटलं, "बघू, कार्ल काय म्हणतो." तो म्हणाला, "मॅन, गेल्या वर्षीही मला वाटलं होतं की तुला हे नकोच आहे. ज्याला हवं असतं तो बोलतो."  बघ ना, तेव्हाही नाही बोललो.

आता पुढचं ऐक आणि ओरडू नकोस. ब्रॅनिगनच्या डोक्यात आणखी एक जुना प्रोफेशनल खेळाडू आहे. एक वर्ष चाललं ना, मग फॉर्म्युला झाला. त्याच्या एजंटचा काल मला फोन आला. "देव, वी हिअर यू आर द गाय." सोमवारी त्याचा इंटरव्ह्यू आहे, प्रेझेंटेशनला मदत करशील का? तो आला तर माझी जागा पक्की.

मी हो म्हटलं. स्लाइड्स करायला सुरुवातही केली. काल डायनिंग टेबलवर बसलो होतो, इला मागून आली, स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "बाबा, सो यू आर, लाइक, द होमवर्क गाय?" हिमानी काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

अर्जाची मुदत शुक्रवारी, परवा संध्याकाळी पाचपर्यंत आहे. पण मावशी, अर्ज केला आणि मिळालं नाही, तर जो येईल तो मला ठेवणार नाही. ज्याने आपली खुर्ची मागितली होती त्याला शेजारी कोण बसवेल? म्हणजे पाचवं राज्य. इलाची पुन्हा नवीन शाळा. आणि अर्ज नाही केला तर नोकरी राहते. काय करू?

देवांग

*

पिस्कॅटवे, २६ मार्च

चि. देवांग,

अनेक आशीर्वाद, आणि यावेळी सगळे एकदम घे.

मी ओरडत नाहीये. मंडळाच्या लोकांसमोर ओरडायला माझं काही जात नव्हतं, म्हणून ओरडले. इथे तुझं घर जाऊ शकतं. तुझा हिशेब बरोबर आहे. अर्ज केलास आणि हरलास, तर नोकरी जाईल. मी तुला खोटा धीर देणार नाही. डेलाफील्डसारख्या जागा असंच वागतात. त्यांना कोच नको असतो, त्यांना पोस्टरवर छापायला चेहरा हवा असतो. मग त्या चेहऱ्याच्या मागे काम करायला तुझ्यासारखा एक सज्जन शोधतात, आणि तो सज्जन "टीमसाठी जे बेस्ट" म्हणत आपली अक्कल दुसऱ्याच्या नावावर करून देतो. त्यांची ही सगळी दुकानदारी अशा सज्जनांच्या जिवावर उभी आहे. मी त्या खेळाडूंना दोष देत नाही. त्यांना कुणी खुर्ची दिली आणि ते बसले. उभा राहिलेला तू आहेस.

तू म्हणशील, मुलांसाठी राहिलो. मग त्या मुलांचंच बघ. गेल्या वर्षी एक परका आला, यंदा दुसरा येईल, पुढच्या वर्षी त्यालाही टीव्ही बोलावेल. दरवर्षी तू नव्या माणसाला त्यांची नावं पाठ करून देणार. त्या मुलांची नावं आधीपासून ज्याला माहीत आहेत असा कोच त्यांना एकदा तरी मिळू दे.

आणि राज्यांचं म्हणशील, तर काल मी हिमानीला फोन केला. तुझी बायको मला काय म्हणाली ऐक: "मावशी, पाचवं राज्य चालेल. पण हा माणूस दर मार्चमध्ये दुसऱ्याचा इंटरव्ह्यू देतो, ते आता बघवत नाही." तिने तुला हे सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. तुम्हा दोघांच्या घरात सगळेच फार सुसंस्कृत आहेत. मी नाही, म्हणून मी सांगते.

आज तुझ्या आईचा, रत्नाचाही फोन होता. कधी नव्हे ते तिने विचारलं, "देवांग नक्की करतो काय गं युनिव्हर्सिटीत?" मी म्हटलं, बास्केटबॉल शिकवतो, आणि देशातल्या पुष्कळ लोकांपेक्षा चांगला शिकवतो. ती मग म्हणाली, "मग त्याचा फोटो का नसतो कुठे?" काय सांगू तिला?

लॅपटॉप उघड. एजंटला एका ओळीत कळव की तुला जमणार नाही, कारण सोमवारी तुझाही इंटरव्ह्यू असेल. केलेल्या स्लाइड्स तशाच राहू देत, उत्तमच असतील. फक्त पहिल्या स्लाइडवर जिथे त्याचं नाव लिहिलं आहेस, ते खोड आणि स्वतःचं लिही. पूर्ण लिही, आडनावासकट. मग उद्या पाच वाजेपर्यंत वाट बघत बसू नकोस. आजच, आत्ता, अर्ज पाठव.

— शैलजा मावशी